एका वेळी एकच

ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच. हे वाक्य आमच्या मसोलीच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना सासूबाईसुद्धा ते ऐकवतात. तरी गेल्या चैत्रात जे व्हायचं ते झालंच, आणि बोल लागला मला. म्हणून सगळं लिहून काढते आहे. घरी ट्रॅम्पोलिन घेतलेल्यांना किंवा घ्यायचा विचार करणाऱ्यांना यातून काही मिळेल. आणि नातेवाइकांत माझ्याबद्दल जे पसरवलं गेलं, ते पसरवणाऱ्यांनीही वाचावं.

आधी एक सांगते, ही वस्तू मी पोरांना रमवायला आणलेली नाही. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पारनाक्याच्या किनाऱ्यावरचं पळणं मला सोडावं लागलं. नासाच्या संशोधकांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पळताना घोट्यावर बसणारा धक्का पाठीवर आणि कपाळावर मोजलेल्या धक्क्याच्या दुपटीहून जास्त भरला, आणि ट्रॅम्पोलिनवर उडताना तो तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच आला. माझ्या गुडघ्यांना ते कागदाशिवाय कळलं. फळं तोडायच्या बेडण्या खाली ठेवल्या, चिकूची गाडी गेली, की संध्याकाळी मी वर चढते. थोड्या वेळात घाम फुटतो आणि दिवसभराची डोक्यातली किरकिर कुठल्या कुठे जाते. ‘या वयात उड्या?’ असं विचारणाऱ्यांना मी वर चढायला सांगते. बहुतेक जण उतरायचं नाव घेत नाहीत.

तर महालक्ष्मीच्या यात्रेसाठी ह्यांचे आतेभाऊ सहकुटुंब आले. आल्या आल्या मी पोरांना जवळ बसवून नियम सांगितले. मोठा नववीतला, मधल्या दोघी, आणि धाकटा अजून पाचाचाही नाही. धाकट्याला वर चढायचंच नाही, हे त्याच्या आईवडिलांदेखत सांगितलं. दुपारी मला स्टेशनकडे काम होतं, म्हणून शिडी काढून कोठीत ठेवली आणि जाळीच्या चेनला कुलूप लावलं. किल्ली सासूबाईंकडे दिली. मी वळणावरही पोचले नसेन, तेवढ्यात भाऊजींनी ‘वहिनींना विचारलंय’ असं सांगून ती त्यांच्याकडून मागून घेतली. विचारलं नव्हतं. हे सासूबाईंनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, तरी कुणाच्या कानात शिरलं नाही.

परत आले तेव्हा फाटकातच मला कळलं, आणि तेही आवाजावरून. एकटा माणूस उडत असला की स्प्रिंगांचा आवाज लयीत येतो. कुर्र, मग शांतता, पुन्हा कुर्र. तेव्हा तो आवाज तुटक, एकावर एक आदळणारा येत होता. मी हातातली पिशवी तिथेच टाकून धावले. खाली चपलांचे चार जोड, आत चार पोरं, मोठा जीव खाऊन उड्या मारतोय आणि धाकटा बरोबर मध्यभागी. भाऊजी झोपाळ्यावर बसून मोबाइलवर शूटिंग करताहेत. मी ‘थांबा!’ म्हणून ओरडले, त्याच क्षणी मोठा खाली दबला, कापड उसळून वर आलं आणि धाकट्याचे पाय नेमके त्या वर येणाऱ्या कापडावर टेकले. तो पडला नाही. हे लक्षात ठेवा, तो पडला नाही. उभाच्या उभा टेकला, चेहरा पांढरा पडला आणि हळूच खाली बसला. रडलासुद्धा नाही नीट.

‘पडलाय कुठे तो? काही झालेलं नाही. लाडोबा आहे नुसता.’ हे भाऊजींचे पहिले शब्द. मोबाइल अजून हातातच.

संध्याकाळपर्यंत पोरगा उजवा पाय जमिनीला लावेना. सूज म्हणावी अशी नव्हती, जखम नव्हती. मी म्हणत होते, आत्ता एक्स-रे काढा. त्यांचं चाललेलं, ‘उद्या दर्शन आटोपू, मग बघू.’ दुसऱ्या दिवशी दर्शन आटोपून, यात्रेच्या गर्दीत पोराला खांद्यावर घेऊन फिरून, मग एकदाचे डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या हाडाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे बारीकशी घडी पडल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला: ‘ट्रॅम्पोलिनवर याच्यासोबत मोठं कोण होतं?’ आम्ही तोपर्यंत फक्त ‘खेळताना लागलं’ एवढंच म्हटलं होतं. नेमक्या या जागी, न पडता मोडलेलं हाड त्यांनी आधी पाहिलेलं होतं.

यामागचं कारण सोपं आहे. जड माणूस खाली दबतो तेव्हा स्प्रिंगांत जी ताकद साठते, ती वर येताना समोर जो सापडेल त्याला मिळते. हलकं पोर त्याच वेळी खाली येत असलं, तर त्याच्या पायाखाली मऊ कापड राहत नाही, वर धावत येणारी जमीन येते. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१२ साली सांगितलं की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण उडत असताना होतात, आणि त्यांतल्या सर्वांत लहानग्याला इजा होण्याची शक्यता जड सवंगड्यांच्या चौदा पटींपर्यंत जाते. ही मंडळी घरी ट्रॅम्पोलिन ठेवूच नये या मताची आहेत. मोठ्यांच्या बाबतीत मला ते पटत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र शब्दन्‌शब्द पटतो.

सर्कशीतले झुल्यावरचे कलाकार शेवटी खालच्या जाळीवर पडून उसळतात, ते पाहून जॉर्ज निस्सेन या अमेरिकी मुलाला ही कल्पना सुचली आणि १९३०च्या दशकात त्याने लॅरी ग्रिसवोल्डसोबत ट्रॅम्पोलिन बनवलं. सिडनीला २००० साली ते ऑलिंपिकमध्ये गेलं. तिथेही एका वेळी एकच खेळाडू असतो. जागतिक स्पर्धांत जोडीने करायचा प्रकार आहे, दोघांनी एकाच क्षणी एकच कसरत करायची. त्यातसुद्धा दोघांना दोन वेगळी ट्रॅम्पोलिन देतात. आयुष्य या खेळात घालवलेली माणसं एका कापडावर दोघं चढत नाहीत, आणि आमच्या घरी चौघांना चढवलं.

पोराला प्लास्टर घातलं, आणि बरंही झालं ते. मला बोचतंय ते नंतरचं. त्याच दुपारी भाऊजींनी कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, ‘मसोलीत धमाल’ म्हणून. त्यात चारही पोरं दिसत होती, माझं ‘थांबा!’ ऐकू येत होतं. एक्स-रे निघाल्यावर तो ग्रुपवरून पुसला गेला. त्याजागी आलं, ‘असलं धोकादायक यंत्र लहान मुलं येणाऱ्या घरात ठेवावंच कशाला?’ उपचाराचा खर्च आम्ही दिला. त्याचा अर्थ चूक कबूल केली असा लावला गेला. नाही. पोर आमच्या दारात जखमी झालं म्हणून दिला. किल्ली कुणी मागितली, हे आजवर एकानेही त्यांना विचारलेलं नाही.

आता कामाचं. जागा मोकळी बघा. फांद्या वरून आणि जाळीच्या बाजूंनी लांब हव्यात, जमीन सपाट हवी. आमचं आधी चिकूखाली होतं. पडलेली फळं कापडावर चिरडून तिथे पाय घसरायचा.

समुद्राजवळ राहत असाल तर खारा वारा स्प्रिंगा खातो. मृग लागायच्या आधी स्प्रिंगा उतरवा, कोरड्या कापडाने पुसा, ग्रीसचा हात फिरवून डब्यात बंद करा. परत लावताना एका बाजूने सरळ लावत गेलात तर शेवटच्या काही बसणारच नाहीत. एक लावली की तिच्या बरोबर समोरची लावा, मग काटकोनातल्या दोन, असं करत भरत या. हातमोजे घाला, हुक सुटला तर बोट फाडतो. ताण नसतानाही वेटोळ्यांत फट दिसली तर ती स्प्रिंग गेली समजा. जाळी आणि शिवण उन्हाने कुजते आणि ते बघून कळत नाही, बोटाने जोर लावून ओढून बघायचं.

उडायला शिकण्याआधी थांबायला शिका. टेकताना गुडघे वाकवले की उसळी मरते. मुलांना हे आलं नाही तोवर उंच उडू देऊ नका. कोलांटी घरी अजिबात नाही. मानेवर पडलं तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. दर वेळी आठवण ठेवून कुलूप लावा, आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. घरातल्या कुणाकडेही नाही. पाहुणे मुक्कामी असतील तर मी आता सरळ कापडच सोडवून ठेवते.

बायकांसाठी एक, जे कुणी उघड बोलत नाही. बाळंतपणं झाल्यावर उडताना लघवी सुटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्षही करू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि तोवर पाय न उचलता नुसतं झुलत राहा. व्यायाम तेवढ्यानेही होतो. जेवून लगेच चढू नये, पाणी पीत राहावं, हे तर कुणीही सांगेल.

यात्रेतल्या जंपिंगवाल्यांकडेही एकेका जाळीत तीन-तीन पोरं सोडलेली असतात. तिथे वाद घालून काही होत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. मी तिप्पट पैसे पुढे करते आणि सांगते, माझ्या भाचीला एकटीलाच सोडा, दुसऱ्या कुणाला आत घेऊ नका. तो पैसे घेतो आणि ऐकतोही. ऐकलं नाही तर आम्ही पाळण्याकडे वळतो.