बँकेतला माणूस का टिकत नाही?

शिरूरच्या पेठेतला कापड दुकानदार असो की दौंडचा शिवणकाम करणारा कारागीर, बँकेशी आपला संबंध कागदापेक्षा माणसाशी जास्त असतो. लग्नसराईपूर्वी माल भरावा लागतो, पैसा नंतर फिरतो, हे जाणणारा अधिकारी असला की काम सोपे होते. आमच्या बँकेत दोन वर्षांत तीन अधिकारी बदलले. प्रत्येकाला आम्ही धंदा नव्याने समजावला. तोवर कर्जमर्यादेचे नूतनीकरण रखडले आणि ऐन हंगामात माल चढ्या भावाने उधारीवर उचलावा लागला. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये खाजगी बँकांची नोकरसंख्या सरकारी बँकांपेक्षा जास्त झाली. परंतु निवडक खाजगी बँकांत नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे वर्षाला चारांत एक, इतके आढळले. सरकारी बँकेतला अधिकारी बहुधा बदली होऊन जातो; खाजगी बँकेतला नोकरीच सोडतो.

सरकारी बँकेत माणूस टिकतो तो नोकरीच्या शाश्वतीमुळे आणि ठरलेल्या वेतनकरारामुळे. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली व १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेली बँक ऑफ महाराष्ट्र याच पठडीतली. मात्र १ एप्रिल २०१० पासून रुजू होणाऱ्यांना जुने पेन्शन नाही, अंशदायी योजना आहे. म्हणजे जुना एक धागा सैल झाला.

माणूस जातो त्याची कारणे पाहू. पहिले, दुसरीकडे जास्त पगार. दुसरे, खाती उघडण्याचे व विमा विकण्याचे टार्गेट. तिसरे, घरापासून दूरची नेमणूक. चौथे, शिकवणारा वरिष्ठ नसणे व बढतीची वाट न दिसणे. रिझर्व्ह बँकेनेही प्रशिक्षण, मार्गदर्शन, योग्य लाभ आणि कामाच्या ठिकाणी आधाराचे वातावरण, हेच उपाय सांगितले आहेत.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, स्टॉकचे पत्रक, जीएसटीचे विवरण आणि मागील मंजुरीपत्र यांची एक फाईल तयार ठेवावी. अधिकारी बदलला तरी आपला हिशेब बोलला पाहिजे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी द्यावा. दुसरा धडा घरचा. आपला गुमास्ता रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात गेला की आपण पगारालाच दोष देतो. त्याला आपण खरेदी शिकवली का, चारचौघांत त्याचा मान राखला का, हेही स्वतःला विचारावे. जाणारा माणूस गिऱ्हाईकाची ओळखही सोबत घेऊन जातो, हे आम्ही बँकेच्या काउंटरवर उभे राहून शिकलो.