फोटोतला नको असलेला उजेड

आकाशाचे फोटो काढायला महागडा टेलिस्कोप लागतो असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. मामाचा जुना डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स आणि उसना ट्रायपॉड, एवढ्यावर मी सुरुवात केली. जागा म्हणजे मेहकर आणि लोणारच्या मधलं आजोळचं शेत. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री दोन-अडीचला आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४० अंश वर येतो. आबांनी जन्मभर रात्रीचं पाणी देताना तो पाहिला. आता मोतीबिंदूमुळे दिसत नाही. म्हटलं, मोठा फोटो काढून देऊ.

अमावास्येच्या आसपास १५ सेकंदांचे ४० फोटो घेतले, आयएसओ १६००, एफ ३.५. घरी येऊन पाहते तर काय! खालची बाजू नारिंगी, चारही कोपरे काळे आणि उजव्या कडेला एक लालसर डाग. यालाच ग्रेडियंट म्हणतात, म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जाणं. चांगला मराठी शब्द मला सापडला नाही. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तसेही कमीच सापडतात.

मी लगेच शहाणपणा केला. सिरिल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पार्श्वभूमी वजा करायची सोय आहे. आपण फोटोवर बिंदू निवडायचे, ते त्यावरून उजेडाचा एक पृष्ठभाग काढतं आणि वजा करतं. मी बिंदू सगळीकडे पेरले, आकाशगंगेवरसुद्धा. फोटो एकदम स्वच्छ झाला. आबा म्हणाले, "यात ते पांढरं कुठी गेलं वं माय?" खरंच, मी आकाशगंगाच वजा केली होती!

तेव्हा आधी कारण शोधायचं, मग इलाज. पुढच्या अमावास्येला पावसाळी ढग येणार, म्हणून घाई होती. दुसऱ्याच रात्री पुन्हा गेले.

सोपी परीक्षा अशी: एक फोटो कॅमेरा आडवा ठेवून घ्या, लगेच दुसरा उभा. नारिंगी पट्टा दोन्हींत क्षितिजालाच चिकटलेला, म्हणजे तो आकाशातला, लोणार गावाच्या दिव्यांचा. काळे कोपरे मात्र फ्रेमबरोबर फिरले, म्हणजे दोष लेन्सचा. लाल डागही फ्रेमबरोबरच फिरला.

आता यातली खरी गंमत. गावाचा उजेड मूळ प्रकाशात मिळवला जातो, तर लेन्सचा काळोख मूळ प्रकाशाला गुणतो. समजा मध्यभागी आकाशाचा आकडा १००० आहे आणि कोपऱ्यात ७० टक्केच प्रकाश पोचतो. तिथे ७०० येईल. ३०० मिळवून आकाश सारखं दिसेल, पण मध्यभागी २०० ने उठून दिसणारा तारा कोपऱ्यात १४० चाच राहील. ०.७ ने भागलं तर आकाश १००० आणि तारा २००. म्हणून कोपऱ्यांसाठी भागाकार, गावासाठी वजाबाकी, आणि भागाकार आधी.

भागायला लागतो फ्लॅट फोटो. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या आकाशाकडे धरा. झूम, फोकस, ॲपर्चर रात्रीचंच ठेवा, फक्त शटर बदला. असे वीसेक घ्या. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये आधीच एक ठरावीक आकडा मिळवून ठेवतो, तो दोन्हीकडून वजा केल्याशिवाय भागाकार चुकतो. त्यासाठी टोपण लावून सगळ्यात कमी वेळाचे बायस फोटो घ्यायचे.

राहिला लाल डाग. त्याने मला रडवलं. फोटोंच्या वेळा तपासल्या तेव्हा कळलं की पहिले अकरा फोटो चांगले, डाग बाराव्यापासून. रात्री त्या वेळी काय झालं? मामा म्हणाला, "थ्री फेज आली ना!" मोटारीच्या पॅनलवर लाल, पिवळा, निळा असे तीन फेजचे दिवे लागतात, आणि वारा लागू नये म्हणून माझा ट्रायपॉड त्या पेटीला अगदी खेटून उभा होता. पण दिवे तर कॅमेऱ्याच्या मागे! लेन्सला टोपण लावून १५ सेकंदांचा फोटो घेतला, डाग तसाच. म्हणजे उजेड लेन्समधून येतच नव्हता. डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून आत शिरत होता. त्यावर काळी चिकटपट्टी लावली, डाग गेला. आधीचे डार्क फोटो मी घरात, अंधाऱ्या खोलीत घेतले होते, त्यात तो दिसणारच कसा?

शेवटी फ्लॅटने भागून, प्रत्येक फोटोतून फक्त एक सरळ उतार वजा केला, बिंदू आकाशगंगेपासून दूर ठेवून. मग फोटो एकत्र केले. खाली थोडी नारिंगी छटा राहिली, ती राहू दिली. आणखी ओढलं असतं तर दाट भाग पुन्हा फिका पडला असता.

आबांनी प्रिंट बल्बखाली धरून डोळ्यांजवळ नेली. पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अन् हे खाली पिवळं काय?"

"लोणारचे लाइट, आबा."

"हे पहिले नोतं."