नुसतं पाणी पिऊन भागणार नाही गं

ये, बस अशी. पिशवी बदलणं तुला जमायला लागलंय, ते बघून बरं वाटलं. पण खरं सांगू का, मला पिशवीपेक्षा तुझ्या अंगातल्या पाण्याची काळजी जास्त आहे. इलिओस्टॉमीनंतर, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढल्यानंतर, पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं, त्याचं एक मोठं कारण हेच असतं.

बघ, मोठं आतडं रोज लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी आणि त्यासोबतचं मीठ शोषून शरीराला परत देतं. आता तेच वाटेतून बाजूला झालंय, म्हणून सगळं पिशवीत उतरतं. लहान आतडं हे काम हळूहळू थोडंफार शिकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

तुझ्या सासूबाई मायेने तांब्यावर तांबे पाणी पाजतायत ना? त्यांना समजावून सांग. पिशवीत खूप जात असताना साधं पाणी भराभर प्यायलं, की आतडं आपलंच मीठ त्यात सोडतं, मिठामागून पाणी येतं आणि पिशवी आणखी भरते. गोडमिट्ट सरबतं, थंड पेयं यांचंही तसंच. साखर पाणी ओढून घेते. म्हणून ओआरएस. मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आले की आतडं दोन्ही आत घेतं आणि पाणीही पाठोपाठ जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे कितीतरी रोगी अशाच साध्या द्रावणावर वाचवले. तेव्हा त्याला आजाऱ्याचं बेचव पाणी म्हणू नकोस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव आणि दिवसभर घोटघोट घे. मीठ घातलेली पेज, ताकही चालेल. शहाळ्यावर मात्र विसंबू नकोस, त्यात सोडियम फार थोडं असतं.

एक मापाचं भांडं न्हाणीघरात ठेव आणि पिशवीतलं मोजून वहीत लिही. किळस वाटेल, तरी लिही गं. सगळं स्थिरावल्यावर दिवसाला अर्धा ते एक लिटर म्हणजे ठीक. दीड लिटरच्या वर जायला लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना घेरी आली, पोटऱ्यांत गोळे आले, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच डॉक्टरांना फोन. वेळेवर सलाईन लागलं तर बहुतेकदा निभावतं.

एवढी घाई का, तर अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं आणि क्रिएटिनिन चढतं. असं वारंवार झालं तर कायमची इजा होऊ शकते. लघवी घट्ट आणि आम्लधर्मी राहिली की युरिक ॲसिडचे मुतखडेही होतात. मूत्रपिंड जपायचं, म्हणून अंग दुखलं तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर पिशवी जास्त भरू लागल्यावर त्यांचं काय करायचं ते आत्ताच विचारून ठेव. पिशवीत जाणारं कमी करणारी लोपेरामाइडची गोळीही डॉक्टर सांगतील तशीच, सहसा जेवणाआधी अर्धा तास.

तू हे सगळं करशील, मला माहीत आहे. पुढच्या तपासणीला क्रिएटिनिनसोबत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमही बघायला सांग. आणि मे महिन्यात लग्नाला निघालीस, तर जादा पिशव्यांशेजारी ओआरएसची पाकिटं पर्समध्ये टाक. मांडवातल्या पाण्याच्या भरवशावर राहायचं नाही.