उधारी का वसूल होत नाही? दुकानदारासाठी वर्तनशास्त्राचे सात शब्द

व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून भराभर बोललो. इथं तेच सावकाश लिहितो. वही-पेन घेऊनच बसा.

समजा, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला तुमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. ओळखीचा शेतकरी येतो. त्याची मागची बारा हजारांची बाकी आहे. तो म्हणतो, "दादा, तेवढं औषध द्या, कांदा गेला की सगळं देतो." तुम्ही नाही म्हणता. तो पुन्हा विनवतो, मग आवाज चढवतो. दुकानातली चार गिऱ्हाईकं बघायला लागतात. तुम्ही वैतागून औषध देऊन टाकता. दुकान शांत होतं. रात्री उधारीची वही उघडली की मात्र डोक्याला हात!

"लोकच तसले" असं म्हणून वसुली होत नाही. नेमकं काय घडलं ते आधी बघू. त्यासाठी एक शास्त्र आहे, उपयोजित वर्तन विश्लेषण. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पुन्हा होते, असं त्यांना दिसलं. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या पुस्तकातून हा विचार पुढे नेला. १९६८ मध्ये या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं. स्वमग्न मुलांच्या शिक्षणात हे शास्त्र आज खूप वापरलं जातं. पण त्याचे मूळ शब्द तुमच्या गल्ल्यावरही लागू पडतात.

१. वर्तन. जे दिसतं आणि मोजता येतं ते वर्तन. "गिऱ्हाईक लबाड आहे" हे वर्तन नाही, तो आपला शेरा झाला. "ठरलेल्या तारखेला पैसे आणले नाहीत आणि त्याच दिवशी नवा माल मागितला" हे वर्तन. शेरा मोजता येत नाही, म्हणून बदलताही येत नाही.

२. पूर्वघटक. वर्तनाच्या आधी काय होतं? दुकानात गर्दी होती, तुम्ही घाईत होता, बाकीचा आकडा समोर नव्हता. वर्तनाच्या आधीची ही परिस्थिती म्हणजे पूर्वघटक.

३. परिणाम. वर्तनानंतर लगेच काय झालं? त्याला माल मिळाला. पूर्वघटक, वर्तन, परिणाम ही साखळी पाठच करा. कुठलीही अडचण आली की आधी हे तीन रकाने भरायचे.

४. धन प्रबलन. वर्तनानंतर काही मिळालं आणि त्यामुळे ते वर्तन वाढलं, तर ते धन प्रबलन. आवाज चढवल्यावर माल मिळाला, पुढच्या वेळी आवाज लवकर चढला. म्हणजे आवाज चढवायला आपणच शिकवलं की!

५. ऋण प्रबलन. इथं बरेच जण चुकतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. नको असलेली गोष्ट दूर झाली आणि त्यामुळे वर्तन वाढलं, तर ते ऋण प्रबलन. आता स्वतःकडे बघा. तुम्ही माल दिला आणि कटकट थांबली. सुटल्यासारखं वाटलं. म्हणून पुढच्या वेळीही तुम्ही देणार! त्याला माल मिळतो, तुम्हाला शांतता मिळते. दोघंही एकमेकांना शिकवताय आणि खड्डा वाढतोय तुमच्या वहीत.

६. शिक्षा. ज्या परिणामामुळे वर्तन कमी होतं ती शिक्षा. चारचौघांत अपमान केला तर शिक्षा कोणत्या वर्तनाला होते? बाकी थकवण्याला नाही, तुमच्या दुकानात येण्याला! तो समोरच्या दुकानात रोखीनं घेईल आणि तुमच्या रस्त्यानं जाणंच टाळेल.

७. विलोपन. ज्या वर्तनाला आधी फळ मिळत होतं ते मिळणं बंद झालं की वर्तन हळूहळू विझतं. पण विझण्याआधी ते बरेचदा उसळतं. तुम्ही ठाम राहिलात की पहिल्या काही वेळा आवाज आणखी वाढेल. नेमकं तेव्हाच नमलात, तर जास्त मोठा आवाज केला की मिळतं, एवढंच शिकवलंत. पाचातून एकदा दिलं तरी वर्तन चिवट होतं, कारण आशा टिकते. म्हणून झेपेल तेवढाच नियम करा, पण केलेला पाळा.

थांबा, एक महत्त्वाची गोष्ट

पैसे न देणं हे प्रत्येक वेळी सवयीतून येत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली. त्यानंतर चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्गावर रास्ता रोको केला. ज्याचा कांदाच मातीमोल गेला, त्याच्यापुढे कुठलं प्रबलन चालणार? देऊ शकत नाही आणि देत नाही, यातला फरक ओळखणं हे दुकानदाराचं पहिलं काम. पहिल्याला मुदत आणि हप्ता हवा. दुसऱ्याला ठाम नियम हवा. दोघांना एकाच काठीनं हाकलंत तर चांगलं गिऱ्हाईक कायमचं गमवाल.

मग करायचं काय?

पूर्वघटक बदला. उधारीची मर्यादा माल देण्याच्या आधी, शांतपणे, एकट्यात सांगा. बाकीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी हातात द्या. बोलणं गर्दीच्या वेळी नको, दुपारी निवांत असताना करा.

चांगल्या वर्तनाला लगेच फळ द्या. बारा हजारांतले पाचशे जरी आणले, तरी त्याच क्षणी वहीत जमा दाखवा, पावती द्या, चहा सांगा. "एवढेच का?" असं म्हणालात तर पैसे आणण्यालाच शिक्षा झाली! छोट्या पावलाला दाद देत मोठ्या पावलाकडे नेणं, याला आकारण म्हणतात. आज पाचशे, पुढच्या महिन्यात हजार, मग तारखेला पूर्ण हप्ता.

आणि हे शास्त्र फसवण्यासाठी वापरू नका. नियम समोरच्याला उघड सांगता येत नसेल, तर तो नियम चुकीचा आहे असं समजा.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत चार रकाने आखा: तारीख, आधी काय झालं, गिऱ्हाईक काय म्हणालं, मी काय केलं. पंधरा दिवस फक्त लिहा, काही बदलू नका. सोळाव्या दिवशी शेवटचा रकाना वरून खाली वाचा. गिऱ्हाईकाला बदलायचंय असं वाटत होतं ना? सुरुवात कुठून करायची ते त्या रकान्यातच लिहिलेलं सापडेल.

वही भरली की कळवा. पुढच्या भागात हीच साखळी दुकानातल्या कामगाराला लावून बघू. भेटू!