भाजणे

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच संक्रांतीच्या पतंगांसाठीही. भोगीच्या दिवशी गच्चीवर मुलांची झुंबड उडालेली असते आणि खाली चुलीवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी भाजली जात असते. तव्यावरील भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात, ती उलटतात आणि शेवटी निखाऱ्यांसमोर धरतात. आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो व भाकरी टम्म फुगते. आच कमी पडली, तर भाकरी कच्ची राहते. अधिक झाली, तर करपते. या दोहोंच्या मधली नेमकी क्रिया म्हणजे 'भाजणे'.

शिजवण्यास पाणी लागते, तळण्यास तेल लागते. भाजण्यास कोरडी आच पुरते. वांगे निखाऱ्यावर भाजतात, शेंगदाणे कढईत भाजतात. पोर्तुगिजांबरोबर आलेला पाव भट्टीत भाजतात. तेथे त्याला चोहोबाजूंनी आच लागते. धान्ये भाजून दळलेल्या थालीपिठाच्या पिठाला तर 'भाजणी' हेच नाव पडले आहे.

हा शब्द स्वयंपाकघरापुरता मर्यादित नाही. कोकणातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतो. कुंभार आव्यात मडकी भाजतो. कच्चे मडके पाण्यात विरघळते. परंतु सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली माती पुन्हा चिखल होत नाही. तेच मडके मग पाणी साठवते.

'आईने भाकरी भाजली' येथे क्रियापद सकर्मक आहे. 'मुलाचा हात भाजला' येथे ते अकर्मक आहे. पहिली क्रिया जाणतेपणाने होते, दुसरी अनवधानाने. हात भाजताच तो गार, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावा. दुसऱ्याच्या अडचणीतून स्वतःचा लाभ साधणाऱ्याविषयी 'त्याने आपली पोळी भाजून घेतली' असे म्हणतात.

संत गोरोबा कुंभार यांची एक कथा सांगतात. तेर गावी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर हलकेच थापटून पाहिले. इतर शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. "हे मडके अजून कच्चे आहे," असा निर्णय गोरोबांनी दिला. नामदेवांच्या मनाला तो फार लागला. पण रुसून न बसता त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले. कच्चेपणा हा दोष नव्हे. आच टाळणे हा दोष होय.

अभ्यास

१. भाजणे, शिजवणे व तळणे यांतील फरक सांगा.
२. शेकणे, भाजणे, करपणे, होरपळणे यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. गोरोबांचा निर्णय ऐकून नामदेवांना काय वाटले असेल? त्यांनी पुढे काय केले?
४. घरात दिवसभरात काय काय भाजले जाते, त्याची यादी करा.