सूर्यप्रकाश आणि त्वचेचे विकार

सूर्य हा चराचराचा पोशिंदा. त्याच्या प्रकाशावांचून धान्य पिकत नाहीं, आणि आमच्या अस्थींना बळकटी आणणारें ड जीवनसत्त्वही त्वचेंत तयार होत नाहीं. परंतु कांहीं माणसांच्या त्वचेस हाच प्रकाश सोसत नाहीं. असें कां व्हावें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

इ. स. १८०१ मध्यें रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांस न दिसणारे किरण असतात, हें दाखविलें. त्यांसच आपण अतिनील किरण म्हणतों. पुष्कळ विकार या किरणांनीं होतात. कांहींना मात्र दिसणारा प्रकाशही पुरेसा होतो.

दोष केवळ उन्हाचा नसतो. पुष्कळ वेळां तो त्वचेवरील किंवा शरीरांतील द्रव्याचा असतो. लिंबू पिळून हात न धुतां उन्हांत गेल्यास एक-दोन दिवसांनीं फोड येतात व मागून काळे डाग राहतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांनींही कित्येकांस ऊन बाधतें. इ. स. १९१२ मध्यें मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरानें रक्तांतील तांबड्या द्रव्यापासून होणारें हीमॅटोपॉर्फिरिन २०० मिलिग्रॅम स्वतःच्या शिरेंत टोचून घेतलें. मग ऊन लागतांच त्याचा चेहरा व हात फार सुजले, आणि ही पीडा दोन महिने टिकली. ज्यांच्या शरीरांत उपजत दोषामुळें पॉर्फिरिनें सांचतात, त्यांची दशा यावरून ध्यानांत येईल.

याहून कठीण विकार झीरोडर्मा पिग्मेंटोझम हा होय. अतिनील किरणांनीं पेशींतील डीएनएस झालेली इजा निरोगी शरीर दुरुस्त करतें. या रोग्यांत ती शक्ति जन्मतःच दुबळी असते, हें क्लीव्हर यांनीं इ. स. १९६८ मध्यें दाखविलें. त्यामुळें लहान वयांतच त्वचेचा कर्करोग होतो. यांस सावली, अंगभर वस्त्र आणि वैद्याचा सल्ला हेंच संरक्षण.

वर सांगितलेल्यांपैकीं एकही विकार स्पर्शानें पसरत नाहीं. म्हणून कवाईतीच्या वेळीं सावलींत उभ्या राहणाऱ्या सोबत्यास आम्ही आळशी म्हणूं नये, व त्याच्या अंगावरील डाग पाहून बांकावरून दूर सरूं नये. प्रभूनें तर कुष्ठरोग्यासही हात लावला. मग आम्हांस आपल्या सोबत्याजवळ बसण्यास कसली भीति?