तरवड : मुळापर्यंत पाहावयाचा पाठ

(निसर्ग-अभ्यास, इयत्ता पाचवी)

प्रस्तावना : तरवड हे पुणे जिल्ह्यातील माळरानावर व रस्त्याच्या कडेस वाढणारे लहान झुडूप होय. गुरे व शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चराऊ रानातही ते टिकून राहते. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळांमुळे त्याची पिवळी फुले मुलांच्या परिचयाची असतात. त्याच्या सालीचा उपयोग कातडी कमावण्याकडे पूर्वापार होत आला आहे. कासारसाईसारख्या गावातील शिक्षकांनी हा पाठ भाद्रपद-आश्विनात, माळ व शेत दोन्ही दाखवून घ्यावा.

हेतू : एकाच कुळातील वनस्पतींमधील साम्य व भेद विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून ठरवावेत.

साहित्य : तरवडाची फुले व शेंगा असलेली डहाळी, तरवडाचे एक कोवळे रोप, चवळीचे मुळासकट रोप, पाण्याची बादली.

निरीक्षण : प्रथम पान पाहावे. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे दिसतात. लिनियस याने १७५३ साली या झुडपास दिलेल्या शास्त्रीय नावात ‘कान असलेली’ असा अर्थ आहे, तो यावरूनच.

नंतर फूल पाहावे. चवळीचे फूल फुलपाखराच्या आकाराचे, तर तरवडाच्या पाच पाकळ्या मोकळ्या पसरलेल्या असतात. पुंकेसर दहा, त्यांपैकी वरचे तीन वांझ. फुले इतकी निराळी, तरी दोन्हींचे फळ मात्र शेंगच. तरवडाची शेंग चपटी व कागदासारखी पातळ असते. येथे कुळाचे नाते शेंगेवरून ओळखता येते.

शेवटी मूळ पाहावे. रोप हिसडून उपटू नये. ओली माती सैल करून अलगद काढावे व बादलीत धुवावे, एरव्ही गाठी तुटून मातीतच राहतात. चवळीच्या मुळांवर बारीक गाठी आढळतात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. कार्यक्षम गाठ चिरली असता आतून तांबूस दिसते. तरवडाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. चिंच, बहावा व आपटा हेही याच कुळातील असून त्यांनाही गाठी येत नाहीत.

शिक्षकांस सूचना : ‘शेंग येते तेथे मुळास गाठी असतात’ असा नियम वर्गात सांगण्याचा प्रघात आहे. चवळी, तूर, हरभरा, भुईमूग या पिकांस तो लागू पडतो, साऱ्या कुळास नाही. हा नियम आधी पाठ करून घेतल्यास मुलगा गाठी नसलेले मूळ हाती असूनही ‘गाठी आहेत’ असे लिहील, आणि स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवण्यास शिकेल. यास्तव आधी पाहणे, मग लिहिणे व त्यानंतरच नियम, हा क्रम सोडू नये.

एखादा विद्यार्थी विचारील की, तरवडाचा पाला शेतात गाडतात तो कशासाठी? पाला कुजून जमिनीस खत मिळते हे खरे. परंतु ते मातीतून घेतलेलेच मातीस परत देणे होय. हवेतील नत्र मुळाशी बांधणे ही क्रिया वेगळी, हे स्पष्ट करावे.

स्वाध्याय : १. चवळी व तरवड यांचे पान, फूल, शेंग व मूळ यांचा तुलनात्मक तक्ता करा. २. परिसरातील शेंग येणाऱ्या पाच वनस्पतींची नावे लिहा. त्यांपैकी ज्यांची लहान रोपे मिळतील त्यांची मुळे धुऊन पाहा व जे दिसेल तेच नोंदवा.